लग्नाच्या मांडवाला ओढ्याची वीज?

ऐन अक्षता पडायच्या वेळी वीज जाते आणि मांडवामागे डिझेलचा जनरेटर धडधडू लागतो. हा खर्च टाळायला शेतात लॉन्स काढलेले तरुण विचारतात: शेजारून ओढा जातोच, त्यावर छोटं टर्बाइन बसवलं तर?

परभणी जिल्ह्याला पाण्याची वीज नवी नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. एकूण २२.५ मेगावॅट. आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प 'लघु जलविद्युत' धरतात, म्हणजे येलदरीही त्यातच बसते. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी शेतात. एकाच पाण्याची दोन कामं. यापेक्षा शहाणी योजना मला दिसत नाही.

पण येलदरीमागे उंच भिंत आहे, आपल्या ओढ्यामागे नाही. वीज किती मिळणार हे दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. दिवे, कुलर, ध्वनिक्षेपक यांना पंचवीस किलोवॅट धरू. सह्याद्रीच्या उतारावर पन्नास मीटरची उंची मिळाली, तर सेकंदाला ऐंशी लिटर पाणी पुरतं. परभणीच्या सपाट काळ्या रानात तीन मीटर मिळाले तरी नशीब; तिथे तेवढ्याच विजेला सेकंदाला तेराशे लिटर लागतात. एवढं पाणी ओढ्याला फक्त पावसाळ्यात असतं, आणि चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात! तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू होते, तोवर ओढा आटायला लागलेला असतो. वैशाखात तर नुसते दगड.

कालव्याच्या धबधब्यावर उंची मिळू शकते. पण पाणी आवर्तनानुसार सुटतं, गव्हा-हरभऱ्याच्या गरजेनं. लग्नाच्या तारखेनं नव्हे. ते तसंच असावं. शिवाय पाटबंधारे खात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाइपही टाकता येत नाही.

आणखी एक अडचण फारसं कुणी सांगत नाही. बँड संपला, कुलर एकदम बंद केले, की भार उतरतो आणि टर्बाइन सुसाट फिरू लागतं. व्होल्टेज चढतं, दिवे जळतात. म्हणून नियंत्रक बसवून उरलेली वीज हीटरकडे वळवावी लागते. वऱ्हाडाला अंघोळीचं गरम पाणी त्यातून निघेल, पण त्या नियंत्रकाचे पैसे आधीच हिशेबात धरा.

माझं मत स्पष्ट आहे. परभणीत लॉन्ससाठी छतावर सौर पॅनेल आणि रात्रीला बॅटरी हाच पहिला पर्याय. लग्नसराईतच इथे ऊन भरपूर असतं. तरीही ओढ्यावर मन असेल, तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन चैत्रात उतरा, उंची मोजा, धार बादलीत धरून घड्याळ लावा. बादली भरायलाच वेळ लागला, तर टर्बाइनची ऑर्डर देऊ नका.