संसाराचे अंदाजपत्रक



कष्टाच्या बाबतीत आपला समाज कोणाच्याही मागे नाही. तरीही सोनपेठ परिसरातील पुष्कळ घरांत कापूस-सोयाबीनचे पैसे किंवा ऊसतोडीची उचल हाती येते आणि थोड्याच महिन्यांत घर पुन्हा उधारीवर चालू लागते. जूनमध्ये फी भरायला पैसे नसतात आणि एखाद्या हुशार मुलाचे शिक्षण तेथेच थांबते. उत्पन्न अपुरे आहे, हे खरेच. पण आलेल्या पैशाला आधी काम नेमून दिलेले नसते, हेही तितकेच खरे.

तथागतांनी गृहस्थांना धनाविषयी स्पष्ट उपदेश केला आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. व्यग्घपज्ज सुत्तात ‘समजीविता’ सांगितली आहे, म्हणजे जमा पाहून खर्च ठेवणे. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपली जमा व खर्च कळला पाहिजे. उधळपट्टी आणि पैसा असून हलाखीत राहणे, ही दोन्ही टोके तेथे दोषास्पद मानली आहेत.

मजुरीवर चालणाऱ्या घराला एका चौथाईत जगता येणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु पुढचा वाटा आधी काढायचा आणि मग खर्चाला हात घालायचा, एवढे तरी आपण आचरणात आणू शकतो. मुलांचे शिक्षण हाही आपला उद्योगच आहे.

पूज्य बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना ते परळच्या चाळीत राहिले आणि पगारातून रक्कम बाजूला टाकली. कमी पडले तेथे शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. झाले. उद्दिष्ट ठरलेले होते, म्हणूनच काटकसरीला अर्थ आला.

आपणही उद्दिष्ट वहीत लिहावे : काय हवे, किती रुपये, केव्हापर्यंत. दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेजसाठी १२,००० रुपये हवे असतील, तर दरमहा ५०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. पोस्टात दरमहा १०० रुपयांपासून आवर्ती ठेव ठेवता येते. बचत गटही आहेत. हंगामाचा पैसा एकदम येत असेल, तर त्याचे बारा महिन्यांचे वाटे आधीच पाडावेत.

लग्नकार्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी व्याजाचा हिशेब करावा. शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने ५०,००० रुपये घेतले, तर वर्षाला १८,००० रुपये व्याजातच जातात. मुद्दल जसेच्या तसे राहते. त्या व्याजात वर उल्लेखिलेल्या मुलीच्या कॉलेजचा खर्च भागून ६,००० रुपये उरले असते.

विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरातील जमाखर्च तुम्ही लिहा आणि महिन्याच्या शेवटी आईवडिलांसमोर वाचून दाखवा. शिकलेल्या अक्षरांचा घराला होणारा हा पहिला उपयोग ठरेल.

जय भीम!