वीस न्यूट्रॉनांची जादू कुठे विरते?

अणुकेंद्रकात २, ८, २०, २८, ५० किंवा ८२ न्यूट्रॉन असले की त्यांचे कवच पूर्ण भरते आणि केंद्रक विशेष स्थिर होते. प्रोटॉनांचेही तसेच. या ‘जादुई’ संख्यांचा उलगडा १९४९ मध्ये मारिया गोपर्ट-मेयर आणि हान्स येन्सन यांनी स्वतंत्रपणे केला आणि १९६३ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. मात्र या नियमामागचा पुरावा मुख्यतः निसर्गात सापडणाऱ्या टिकाऊ केंद्रकांचा होता. हा नियम सर्वत्र लागू पडतो का, हे ठरवायला टिकत नाहीत अशीच केंद्रके तपासायला हवीत.

मॅग्नेशियम-३२ मध्ये १२ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन असतात, पण त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याचा नमुना बनवून प्रयोगाला ठेवणे अशक्य, म्हणून त्याचाच झोत बनवतात. वेगवान जड केंद्रके लक्ष्यावर आदळवून फोडायची, चुंबकांनी हवे ते तुकडे वेचायचे आणि दुसऱ्या लक्ष्यावर सोडायचे. तिथे उत्तेजित झालेले केंद्रक मूळ अवस्थेत परतताना गॅमा किरण सोडते, आणि किरणाच्या ऊर्जेवरून दोन पातळ्यांमधले अंतर कळते. केंद्रक धावते असल्याने मोजलेली ऊर्जा दिशेनुसार बदलते. तिची दुरुस्ती वेग आणि कोन धरून करावी लागते. वीसच न्यूट्रॉन असलेल्या कॅल्शियम-४० ची पहिली उत्तेजित पातळी ३,३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर आहे. मॅग्नेशियम-३२ ची अवघ्या ८८५ वर. कवच खरेच भरलेले असते, तर ती एवढी खाली नसती.

एका आकड्यावरून नियम मोडला म्हणणे घाईचे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जपानच्या रिकेन संस्थेतील प्रयोगात या केंद्रकांचा झोत शिशावर सोडून ती किती सहज उत्तेजित होतात हे मोजले गेले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर स्पष्ट होते: केंद्रक भरलेल्या कवचाला साजेसे गोल नाही, बरेच लांबट आहे. मग जादुई संख्या मोडीतच काढायच्या का? तसेही नाही. २८ प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉनांच्या निकेल-७८ ची पहिली पातळी रिकेनमध्येच सुमारे २,६०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आढळली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या या निष्कर्षाने तिथे जादू शाबूत असल्याचे दाखवले. म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या एकटी पुरेशी नाही. सोबतीला प्रोटॉन किती, यावर कवचांमधले अंतर ठरते.

क्षणभर टिकणाऱ्या केंद्रकांवर एवढा खर्च कशाला, असेही विचारले जाते. सोने, प्लॅटिनम यांसारखी मूलद्रव्ये विश्वात घडताना न्यूट्रॉनांनी गच्च भरलेल्या अशाच अल्पायुषी केंद्रकांच्या टप्प्यांतून जातात. ही वाटचाल कुठे रेंगाळते हे भरलेली कवचे ठरवतात. टिकाऊ केंद्रकांचा नियम तिथे आंधळेपणाने लावला, तर कोणते मूलद्रव्य किती बनले याचा हिशेबच चुकेल. त्यामुळे हा खर्च त्या हिशेबाच्या पायासाठीच आहे.