नळी हृदयापर्यंत जाते तेव्हा

डॉक्टरांनी ‘हृदयात नळी घालून तपासणी करू’ म्हटले की हुपरीच्या कारागिराचा जीव घाबरा होतो. पैंजणांच्या मजुरीवर घर चालते. म्हणून ‘लगीनसराई उरकू दे, मग बघू’ असे म्हणून तो दुखणे छातीतच ठेवतो. आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून, वाचून आणि विचारून जे कळले ते सांगतो.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली आणि तसाच चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला. १९५६ साली त्याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वाटेने आजची तपासणी आली.

या तपासणीत छाती उघडत नाहीत. आधी काही तास उपाशी ठेवतात. मनगट किंवा जांघ बधिर करून रक्तवाहिनीत बारीक, लवचिक नळी घालतात. रोगी बहुधा जागा असतो. टोचल्याचे कळते, पुढे आत सरकणारी नळी सहसा जाणवत नाही. मग औषध सोडून चित्रे घेतात, तेव्हा क्षणभर अंगात ऊब पसरते. तिला भिऊ नये. अडथळा कोठे व किती, हे त्या चित्रांत दिसते. नुसती तपासणी असेल तर ती बहुधा तासाच्या आत उरकते.

नंतर मनगटावर दाबपट्टी बांधतात. जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय न वाकवता पडून राहावे लागते. हातोडी पुन्हा केव्हा धरायची, तेही विचारून घ्यावे. घरी गेल्यावर रक्त आले तर ती जागा घट्ट दाबून धरावी आणि तातडीने दवाखाना गाठावा. छातीत दुखले किंवा हातपाय बधिर झाला, तरीही थांबू नये.

धोका अगदीच नाही असे नाही. रक्तस्राव होतो, औषध बाधते, मूत्रपिंडावर ताण येतो. क्वचित हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटकाही येतो. म्हणून मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, चालू गोळ्या, पूर्वी एखादे औषध बाधले असेल तर तेही, सारे आधी सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

राहिली सही. ही संमती नुसत्या तपासणीची, की अडथळा दिसताच स्टेंट बसवण्याचीही? खर्च किती? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते? स्टेंटच्या कमाल किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली आहे, हेही ध्यानात असावे. मजुरीचा दर ठरल्याशिवाय आपण चांदी हातात घेत नाही. मग आपल्या काळजाच्या कागदावर न विचारता अंगठा का उठवावा?