सांभार कोणत्या गटातला?

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा भाचा सुटीला नागपुरात आला होता. दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती. कूलरसमोर बसून मी वहीत सोळा चौकोन आखले, प्रत्येकात एक शब्द लिहिला आणि वही त्याच्याकडे सरकवली. चार-चार शब्दांचे चार गट पाडायचे होते. शब्द असे: महाल, जहाज, सांभार, देवडी, कनक, सदर, आलू, खंदक, डालडा, धंतोली, बुरूज, बरबटी, नयन, इतवारी, नगारखाना, कोहळं.

त्याने आधी सांभार धरला आणि चौकोनांतून बोट फिरवत इडली-डोसा शोधू लागला. आतून त्याच्या आजीचा आवाज आला, "अरे राजा, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर!" मग बरबटी म्हणजे चवळीची शेंग, कोहळं म्हणजे लाल भोपळा आणि आलू म्हणजे बटाटा, अशी भाजीबाजाराची ओळ लागली.

हा खेळ सध्या जगभर रोज सकाळी खेळला जातो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जून 2023 मध्ये 'कनेक्शन्स' नावाने तो सुरू केला. त्याआधी 2008 पासून बीबीसीच्या 'ओन्ली कनेक्ट' कार्यक्रमात सोळा शब्दांची अशीच भिंत स्पर्धकांसमोर येत असे. 'कनेक्शन्स'मध्ये चार चुका झाल्या की डाव संपतो. गट सुटला की त्याला पिवळा, हिरवा, निळा किंवा जांभळा रंग मिळतो. पिवळा सर्वांत सोपा, जांभळा सर्वांत अवघड.

सोळा शब्द थोडेच वाटतात, पण गणित मांडून पाहा. सोळांतून चार शब्द 1,820 प्रकारे उचलता येतात आणि त्यांतले फक्त चार प्रकार बरोबर असतात. म्हणजे डोळे मिटून केलेली पहिली निवड 455 वेळांत एकदा लागेल. सोळांचे चार गट पाडण्याच्या एकूण रीती 26,27,625 भरतात. तरीही माणूस चहा संपेपर्यंत कोडं सोडवतो, कारण त्याच्या डोक्यात शब्द आधीच आपापल्या सोयऱ्यांजवळ बसलेले असतात. कोडं रचणारा नेमका याच सोयरिकीचा फायदा घेऊन आपल्याला चकवतो.

आमच्या वहीतला चकवा महाल आणि सदर यांच्यात होता. भाच्याने देवडी, बुरूज, महाल, सदर असा गट जोडला. किल्ल्यात किंवा वाड्यात हे चारही असतात, त्यामुळे अर्थाने तो चुकला नव्हता. पण खंदक आणि नगारखाना उरले होते आणि त्यांना दुसरीकडे जागा नव्हती. एका गटाला सहा दावेदार निघाले, तर घाई करू नये. ज्या शब्दांना दुसरं घर आहे ते बाजूला काढावेत. महाल आणि सदर नागपूरचे भाग आहेत. इतवारी आणि धंतोलीबरोबर त्यांची चौकडी होते. माझा अनुभव असा, की आधी पक्का गट शोधण्यापेक्षा आधी दुहेरी शब्द हेरणं जास्त कामाचं. मन एकदा एका अर्थाला चिकटलं की दुसरा अर्थ समोर असून दिसत नाही. म्हणून शब्द मोठ्याने म्हणून पाहावा, वही फिरवून क्रम बदलावा, पाणी पिऊन यावं.

जहाज, कनक, डालडा, नयन हे शेवटी उरले. त्यांचा अर्थाशी काही संबंध नाही. उलटे वाचले तरी ते तेच राहतात. हा जांभळा गट, आणि मला तो फार आवडतो, कारण तो आपल्या लिपीतून आलाय. डालडा रोमन अक्षरांत उलटा केला की मोडतो. देवनागरीत मात्र डा, ल, डा असा जसाच्या तसा उभा राहतो. इंग्रजी कोड्याचं भाषांतर करून असा गट हाती लागणार नाही. मराठी कोडं मराठीतूनच रचावं लागतं, आणि नागपूरचं असेल तर नागपूरच्या बाजारातून.

शब्दांचे गट पाडण्याची सवय आपल्याला जुनी आहे. 'नाव, गाव, फळ, फूल' आपण सगळेच खेळलोय. तिथे गट दिलेला असतो आणि शब्द शोधायचा असतो. इथे शब्द दिलेले असतात आणि गट शोधायचा असतो. त्याही मागे गेलं तर अमरकोश आहे. तीन कांडं, पंचवीस वर्ग: स्वर्गवर्ग, कालवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग. शब्द वर्णानुक्रमाने न लावता नात्याने लावलेले, आणि मुलं ते पाठ करत. तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग तर कोडं रचणाऱ्यांसाठी खजिनाच. एकट्या 'हरि' शब्दाला तिथे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक इतके अर्थ दिलेत.

शिवकाळात रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला, तोही दहा वर्गांत. आमच्या वहीतले बुरूज नि खंदक त्याच्या दुर्गवर्गात शोभले असते. नागपूरला तर हे काम अगदी घरचं. डॉ. रघुवीर यांची संस्था 1946 मध्ये लाहोरहून इथे आली आणि पुढची दहाएक वर्षं इथे राहिली. शासनासाठी, विज्ञानासाठी संस्कृत धातूंपासून शब्दांची कुटुंबं उभी करण्याचा त्यांचा ध्यास होता. त्यांचे कित्येक शब्द जड ठरले, हे खरंच. पण एका धातूची लेकरं एकत्र दिसली तर अनोळखी शब्दही ओळखता येतो, ही त्यांची दृष्टी मला आजही मोलाची वाटते. विधान, विधेयक, संविधान हे शब्द शेजारी लिहून पाहा. तिघांतला 'धा' लगेच दिसतो.

भाचा परत गेला आणि आठवड्याने त्याने आजीच्या फोनवर त्याचं स्वतःचं कोडं पाठवलं. आजीने चष्मा लावला, शब्द वहीत उतरवून घेतले आणि केशव, नारायण, माधव, गोविंद हा गट कौतुकाने पाडला. संध्येतल्या चोवीस नावांची पहिली चार! गट चुकला. वामन उरला होता. कसबा, सदाशिव, शुक्रवार हे तिघेही चौथ्याची वाट पाहत होते. जेवण झालं, भांडी झाली, तरी वही उघडीच होती. साडेतीनच्या सुमारास ती एकदम उठून बसली आणि मला हलवून म्हणाली, "अगं, नारायण पेठ!"