दाढ ठणकली किंवा दात पडला, तर धावायचं कुठे?

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा धरणाजवळ पाली हे गाव आहे. इथून जिल्हा रुग्णालय फार लांब नाही. तरीही दातदुखी अनेकदा मिश्री, लवंग आणि मेडिकलमधल्या गोळीवरच निभावली जाते. कोणत्या त्रासात थांबता येतं आणि कोणत्या नाही, हे माहीत असलं तर दात वाचतो, कधी जीवही वाचतो.

दात मुळासकट निखळला तर?

दुचाकी घसरली, क्रिकेटचा चेंडू लागला, तर पहिला अर्धा तास मोलाचा असतो. दात कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी साधारण तासाभरात मरतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवावा, घासू नये. मग जागेवर बसवून स्वच्छ कापड चावून धरावं. ते जमत नसेल किंवा रुग्ण पूर्ण शुद्धीवर नसेल, तर दात थंड दुधात टाकून लगेच दंतवैद्य गाठावा. कागदात गुंडाळू नये, पाण्यात ठेवू नये. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

दाढ ठणकत असेल तर?

कीड नसेपर्यंत पोहोचली की रात्री झोप लागत नाही. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास तिथे भाजतं. नुसत्या अँटिबायोटिकने नसेचं दुखणं थांबत नाही, त्याला रूट कॅनाल किंवा दाढ काढणं हाच उपाय असतो. ठणका अचानक थांबला तरी बेफिकीर राहू नये. नस मेलेली असू शकते आणि संसर्ग आत हाडाकडे सरकत राहतो.

लगेच कधी निघावं?

गाल किंवा जबड्याखालची सूज वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो. श्वासाला त्रास होत असेल, जबडा मोडला असेल किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर 108 ला फोन करावा.

जायचं कुठे?

बीडच्या जिल्हा रुग्णालयात अपघात विभाग रात्रीही सुरू असतो. दातावरचा पुढचा उपचार सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात होतो, पण सूज, रक्तस्राव आणि वेदना यांवर रात्रीच उपचार सुरू करता येतात. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावं.