जलंबचा फाटा

मुंबईहून नागपूरकडे जाताना नांदुरा मागे पडले की प्रवाशांचे डोळे शेगावकडे लागतात. मधले जलंब कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण बुलडाणा जिल्ह्यातल्या या लहानशा गावाला जंक्शनचा मान आहे, आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

हा मान मिळाला कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि खामगाव दक्षिणेला आठ मैलांवर राहून गेले. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचे चाक रुतले म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा सरकारी खर्चाने जलंब-खामगाव हा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि कापूस मँचेस्टरचा, असा तो मामला होता!

रूळ गाठींसाठी आले, त्यांच्यामागून माणसे आली. माझे दादा इथे सांधेवाले होते. फाट्याची गाडी आली की इंजिन सोडवायचे, दुसऱ्या टोकाला जोडायचे, सांधे बदलायचे आणि कंदील दाखवायचा. स्टेशन मास्तर परमुलखातले, गँगमन आसपासच्या खेड्यांतले, आम्ही घरात उर्दू बोलणारे. पण नळावर सगळ्यांची भाषा वऱ्हाडी. दादीकडे घड्याळ नव्हते. खामगावची गाडी सुटली की ती चुलीवर डाळ चढवी.

एक गोष्ट मात्र त्या क्वार्टरांच्या ओळीत कुणी मोठ्याने बोलत नसे. नोकरी संपली की खोली सोडायची. दादांची सारी उमर जलंबात गेली, पण गावात ना शेत होते, ना घर. अब्बांनी खामगावात भाड्याची खोली घेतली, तीही रुळाशेजारी.

खामगावहून रूळ पुढे जालन्यापर्यंत न्यावेत, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. चिखली, देऊळगाव राजा इतकेच काय, जिल्ह्याचे ठाणे बुलडाणाही अजून रेल्वेविना आहे. नव्या मार्गाची बातमी पेपरात आली की अब्बा विचारीत, "मग गाडी जलंबला थांबंल ना?"