लिनक्ससाठी प्रिंटर घेताना
शेळगावसारख्या गावात सातबारा, पीकविम्याचे अर्ज, आधारच्या प्रती यांसाठी प्रिंटर कायम लागतो. संगणकावर लिनक्स असेल, तर बारामतीच्या दुकानात किंमत विचारण्याआधी खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलंय का, ते पाहा. ॲपलने 2010 मध्ये आणलेली ही सोय लिनक्सलाही उपयोगी पडते. असा प्रिंटर ‘आयपीपी’ या खुल्या मानकावर चालतो, त्यामुळे लिनक्समधली ‘कप्स’ ही छपाईव्यवस्था कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय त्याच्याकडून काम करून घेते.

अनेक दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 दणकट आहे, पण त्याची आज्ञाप्रणाली कंपनीची खासगी. लिनक्सवर तो चालवणं कटकटीचं. जुना, स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी ‘एचपीलिप’ हा मुक्त संच आहे. मात्र लेझरजेट 1020 सारख्या काहींना त्यासोबत बंदिस्त प्लगइनही लागतं.

स्कॅनर वेगळा तपासावा. ऑल-इन-वन यंत्र छापतं म्हणून स्कॅन करेलच असं नाही. लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या ‘सेन’ प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय यादी आहे, ती आधी बघा. जमलं तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप दुकानात न्या, एक मराठी पान छापून आणि स्कॅन करून पाहा, मगच पैसे द्या.